१६९३ साली राजधानी जिंजीहून परत आणली असती तर?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्यावर जाऊन आलो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

तिंडिवनमहून बसने निघालं की भातशेतं मागे पडतात आणि एकावर एक गोटे रचून ठेवावेत तसे डोंगर दिसायला लागतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, आणि तिघांना एकत्र बांधणारा तट. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना तिथला ग्रॅनाइट अगदी परका वाटतो. राजगिरी साधारण ८०० फूट उंच. पायऱ्या चांगल्या आहेत, पण दहा वाजले की दगड तापतो आणि कठड्याला हात लावायची सोय राहत नाही. माथ्याच्या जरा अलीकडे कड्यात एक खोल भेग आहे, तिच्यावर छोटासा पूल. तो पूल काढून घेतला की बालेकिल्ल्यावर जायला वाटच नाही. त्या पुलावर मी बराच वेळ उभा होतो. १९ वर्षांचा एक तरुण राजा, राजाराम महाराज, इथे आला आणि पुढची आठ वर्षं यालाच त्याने राजधानी मानलं. रायगड इथून सरळ रेषेतसुद्धा नऊशे किलोमीटरच्या पुढे आहे.

घटनाक्रम बहुतेकांना माहीत आहे, तरी प्रश्नापुरता सांगतो. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच महिन्यात झुल्फिकारखानाने (तेव्हाचा इतिकादखान) रायगडाला वेढा घातला. राजघराण्यातले सगळे एकाच गडावर सापडले तर राज्यच संपेल, म्हणून राजाराम महाराजांनी बाहेर पडावं आणि आपण बाळ शाहूंसह गडावरच थांबावं, असं येसूबाईंनी ठरवलं. एप्रिलात महाराज गडाबाहेर पडले. प्रतापगड, मग पन्हाळा. सप्टेंबरअखेरीस लिंगायत यात्रेकरूंच्या वेशात दक्षिणेकडे. तुंगभद्रेच्या काठी मोगलांनी जवळजवळ गाठलंच होतं. बेदनूरच्या राणी चेन्नम्माने आपल्या राज्यातून वाट दिली आणि त्यासाठी बादशहाचा रोष पत्करला. नोव्हेंबरात महाराज जिंजीत पोचले. त्याच नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैद झाले.

म्हणजे राजधानी हलवली तेव्हा सिंहासन, दप्तर, खजिना यातलं फारसं काही सोबत नेता आलं नव्हतं. राजा गेला, त्याच्यासोबत प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ अशी मोजकी माणसं गेली, आणि राजा गेला तिथे राजधानी झाली. थोरल्या महाराजांनी (शिवाजी महाराजांनी) १६७७ मध्ये जिंजी घेऊन ती नव्याने बांधून काढली, तेव्हा आपल्या धाकट्या मुलाला इथे आसरा घ्यावा लागेल हे त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण ती तजवीज कामी आली.

आता माझा प्रश्न. डिसेंबर १६९२ मध्ये संताजी आणि धनाजी मोगलांनी वेढलेल्या जिंजीच्या बाजूला उतरले. संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला कैद केलं. मोगल छावणीत दाणागोटा संपला. त्यातच शहजादा कामबक्ष आतून मराठ्यांशी बोलणी करतोय म्हणून त्याच्याच सरदारांनी, म्हणजे असदखान आणि झुल्फिकारखान या बापलेकांनी, त्याला अटक केली. जानेवारी १६९३ मध्ये वेढा उठवून मोगल फौज वांदिवाशला निघून गेली. झुल्फिकारखान परत फिरकला तो १६९४ च्या अखेरीस. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं जिंजीची वाट मोकळी होती.

त्या मोकळ्या वाटेने महाराज महाराष्ट्रात परतले असते तर? प्रत्यक्षात ते परतले १६९८ मध्ये, किल्ला पडताना निसटून. तोवर संताजी मारले गेले होते. माझं मत असं की १६९३ मध्ये राजधानी परत आली असती तर संताजी आणि धनाजींमधलं वैर विकोपाला गेलं नसतं आणि औरंगजेबाला भीमेकाठी मुक्काम टाकून बसताही आलं नसतं. मंडळींना काय वाटतं?

रेवा_पुणे

प्रश्न छान आहे, वर्णनही. पण मला उलटं वाटतं.

जिंजीचा सगळ्यात मोठा उपयोग लांब असण्यात होता. राजा तिकडे, म्हणून झुल्फिकारखान तिकडे. त्याच्यामागे असदखान, कामबक्ष, तोफखाना, रसद, सगळं कर्नाटकात (तेव्हा जिंजीकडच्या मुलखालाही हेच नाव) अडकलं. त्या काळात इकडे मागे राहिलेल्या रामचंद्रपंतांनी आणि शंकराजी नारायणांनी कारभाराची घडी बसवली, गड परत घेतले. राजा १६९३ मध्ये घरी आला असता तर ती सगळी फौज त्याच्या मागोमाग घाटावर आली असती.

हा नुसता अंदाज नाही, पुरावा समोर आहे. महाराज १६९८ मध्ये परतले, साताऱ्याला राजधानी केली. औरंगजेब १६९५ पासून भीमेकाठी ब्रह्मपुरीत बसून होता, तो ऑक्टोबर १६९९ मध्ये स्वतः उठला. आधी वसंतगड, मग थेट सातारा. डिसेंबरात वेढा, एप्रिल १७०० मध्ये किल्ला गेला. त्याआधी मार्चातच महाराज सिंहगडावर वारले होते. राजधानी परत आणली की बादशहा तिच्यावर येतो.

मोडीप्रेमी

घाटवाट, लेख आवडला. वाचनखूण साठवली आहे.

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. राजधानी लांब गेल्याची किंमत कशात मोजली गेली? वतनांत. जिंजीच्या दरबाराकडे पैसा नव्हता, पगार द्यायची सोय नव्हती. मग मुलूख जिंकाल तो तुमचा, अशी आश्वासनं कागदावर उतरली. १६९१ चं हणमंतराव घोरपड्यांना दिलेलं पत्र अभ्यासकांना माहीत आहे. सहा लाख होनांचा सरंजाम, आणि तो टप्प्याटप्प्याने मिळायचा: रायगड प्रांत घेतल्यावर, विजापूर घेतल्यावर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद, आणि उरलेला दिल्ली घेतल्यावर. ज्या राजाच्या हाती स्वतःचा रायगड नाही तो दिल्लीचा हिशेब मांडून देतो आहे. ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. केवढी ती जिद्द.

पण त्याच कागदात पुढची अडचणही आहे. थोरल्या महाराजांनी वतनाऐवजी रोख पगाराची रीत घातली होती, ती जिंजीने मोडली. मोडावीच लागली, कारण वतनासाठी मोगलांकडे जाणारा देशमुख थांबवायचा तर त्याला त्यापेक्षा जास्त देणं भाग होतं. एकदा दिलेलं पुन्हा मागता येत नाही. शाहू महाराजांच्या काळात सरदार आपापल्या मुलखात मोठे झाले आणि सातारा नावाची राजधानी राहिली, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

म्हणून १६९३ चा प्रश्न मी असा विचारेन: दोन वर्षांनी असो की पाच वर्षांनी, राजा लवकर परतला असता तर किती कमी वतनपत्रं सुटली असती?

अनुजा_तंजावर

मी तंजावरची. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती तुम्हाला कदाचित जुनी वाटेल, म्हणून इथे पुस्तकी लिहिते.

तुमच्या चर्चेत तंजावर आलंच नाही. दक्षिणेत भोसल्यांची एक राजधानी आधीच होती. व्यंकोजीराजांनंतर १६८४ पासून त्यांचे चिरंजीव शहाजीराजे गादीवर होते आणि जिंजीला त्यांची मदत होत होती. जिंजीपेक्षा तंजावर कितीतरी सुपीक, कावेरीचं पाणी, मंदिरं, नांदतं शहर. मग राजाराम महाराज तिथेच का गेले नाहीत? मला वाटतं, दुसऱ्याच्या राजधानीत राजा पाहुणा होतो. आणि तंजावर सपाटीवर आहे. वेढा पडला तर डोंगर कामाला येतो, कावेरीचं पाणी नाही.

झालंही तसंच. घाटवाट ज्या मोकळ्या काळाबद्दल बोलताहेत, त्याच काळात, १६९४ मध्ये, झुल्फिकारखान तंजावरवर चालून आला. शहाजीराजांना बादशहाची ताबेदारी मान्य करावी लागली. वाट जिंजीला मोकळी होती, तिचं ओझं आमच्या गावाने उचललं.

बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. लहानपणी बाबा बोट धरून एकेक ओळ वाचून दाखवायचे. आमच्याकडे जिंजीची गोष्ट चुलत्याच्या घरची म्हणून सांगतात, हरलेल्या किल्ल्याची म्हणून कधीच नाही.

घाटवाट

अनुजाताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे १६९४ ची स्वारी माहीत होती, पण ती 'मोकळ्या' काळातच बसते हे ध्यानात आलं नव्हतं. धन्यवाद.

रेवा, तुमचा मुद्दा तगडा आहे. पण १६९९ चा औरंगजेब आणि १६९३ चा औरंगजेब यांत फरक धरायला हवा. १६९९ मध्ये तो उठला तेव्हा जिंजी पडलेली होती, कर्नाटकातली फौज मोकळी झाली होती आणि संताजी नव्हते. १६९३ मध्ये फौज थकलेली, शहजादा कैदेत, आणि संताजी ऐन जोरात.

दर्यावर्दी

समुद्राकडूनही बघा. जिंजीला राजधानी असल्यामुळे मराठ्यांच्या हाती कोरोमंडलचा किनारा होता, आणि दरबाराला रोख पैसा तिथूनच मिळू शकत होता. १६९० मध्ये कडलूरजवळचा देवनापट्टणमचा किल्ला मद्रासच्या इंग्रजांनी राजाराम महाराजांकडून विकत घेतला. एलिहू येल तेव्हा मद्रासचा प्रमुख. करार असा होता की किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा पडेल तिथपर्यंतची गावं इंग्रजांची. त्यासाठी पल्ल्याची तोफ शोधून आणली. ती गावं पुढे गोळ्याची गावं म्हणूनच ओळखली गेली.

हाच तो फोर्ट सेंट डेव्हिड. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं तेव्हा इंग्रजांचा त्या किनाऱ्यावरचा सगळा कारभार काही वर्षं इथूनच चालला. म्हणजे एका पळालेल्या राजधानीने विकलेला किल्ला दुसऱ्या पळालेल्या कारभाराला उपयोगी पडला.

राजधानी १६९३ मध्ये हलली असती तर हा किनारा तेव्हाच सुटला असता. पुदुच्चेरीच्या फ्रेंचांशी आणि डचांशी वाटाघाटी करायला मराठ्यांचं तिथे कोणी मोठं उरलं नसतं.

मावळतीकर

जरा बाहेरचं उदाहरण देतो, कारण तुलनेने आपली गोष्ट जास्त स्पष्ट दिसते.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन मॉस्कोच्या दारात आले तेव्हा सोव्हिएत सरकारने परदेशी वकिलाती आणि बरीचशी खाती व्होल्गाकाठच्या कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, हलवली. बोल्शोय नाट्यगृहाची मंडळीसुद्धा तिकडे गेली. लेनिनचं शव त्याआधीच सैबेरियात त्युमेनला नेलं होतं. स्टॅलिन मात्र मॉस्कोतच थांबला आणि ७ नोव्हेंबरला लाल चौकात संचलनही झालं.

आपल्याकडे नेमकं उलट. राजा गेला आणि कारभार घरी राहिला. रामचंद्रपंतांना 'हुकुमतपनाह' करून इकडचे पूर्ण अधिकार दिले. गड कोणाला द्यायचा, फौज कुठे पाठवायची, यासाठी प्रत्येक वेळी जिंजीच्या उत्तराची वाट बघावी लागत नव्हती. एवढ्या अंतरावरून तसं चाललंही नसतं.

चीनचंही बघा. नोव्हेंबर १९३७ मध्ये नानजिंग सोडून सरकार चोंगचिंगला गेलं, कारभारासकट. १९४६ च्या मे महिन्यात राजधानी समारंभाने नानजिंगला परत आली आणि तीन वर्षांच्या आत तेच सरकार नानजिंगमधूनही गेलं. आठ वर्षं लांब राहिलेल्या सरकारला परतल्यावर आपल्याच मुलखात पाय रोवता आले नाहीत.

तर माझा प्रश्न असा: राजाराम महाराज १६९३ मध्ये परतले असते तर रामचंद्रपंतांच्या अधिकाराचं काय झालं असतं? एका गडावर राजाही आणि हुकुमतपनाहही? तिथे बिनसलं नसतं का?

रेवा_पुणे

मावळतीकर, राजा बाहेर आणि कारभार घरी, हे तुम्ही नेमकं पकडलंत.

माझ्या मुद्द्याला जोड देते. राजा लांब होता म्हणून रामचंद्रपंत मोकळे होते. परशुराम त्र्यंबक, शंकराजी नारायण, ही सगळी माणसं त्या मोकळ्या जागेत वाढली. राजा मध्येच येऊन बसला असता तर प्रत्येक नेमणूक दरबारातून झाली असती. दरबार आला की गट येतात. जिंजीत आलेच होते.

साताऱ्याची_लेक

रायगड परत का घेतला नाही, असं इथे कोणी विचारलं नाही पण मनात येतंच. तो १७३३ पर्यंत आपल्याकडे नव्हता, सिद्दीच्या ताब्यात होता. त्यामुळे १६९३ असो की १६९८, परतायचं म्हणजे नव्या ठिकाणीच. सातारा का, तर देशाच्या मध्यावर, कृष्णेचं खोरं, आणि घाटाखालीही पटकन उतरता येतं.

आमच्या घरातून अजिंक्यतारा दिसतो. वेढ्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातला एक उलटला आणि कडा त्यांच्याच माणसांवर कोसळला. प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. साडेचार महिने झुंजवला किल्ला. बादशहाने नाव बदलून आझमतारा केलं, पण चार-पाच वर्षांत तो पुन्हा आपल्याकडे आला. म्हणून 'राजधानी परत आणली की बादशहा येतो' हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. बादशहा आला, राजधानी घेतली, आणि त्याने काही संपलं नाही.

मोडीप्रेमी

साताऱ्याची लेक यांनी जे लिहिलंय तिथेच मला उत्तर दिसतंय.

१७०० नंतर ताराराणींनी काय केलं? गादी एका गडाला बांधलीच नाही. पन्हाळा १७०१ मध्ये गेला, विशाळगड १७०२ मध्ये, सिंहगड १७०३ मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४ मध्ये. गड जात राहिले, परत येत राहिले, राणीसाहेब आणि त्यांचे चिरंजीव बाळराजे हाती लागले नाहीत. त्या बाळराजांचा जन्म जून १६९६ चा, जिंजीतला. जिंजीत जी गोष्ट अंतराने साधली ती ताराराणींनी घरच्याच डोंगरात हलत राहून साधली.

म्हणजे घाटवाट यांची कल्पना मी अशी मांडतो: १७०० साली जे झालं ते सात वर्षं आधी सुरू झालं असतं. बादशहा तेव्हा ७४ वर्षांचा, ८१ चा नव्हे. ते त्याच्या बाजूने. पण समोर संताजी जिवंत. ते आपल्या बाजूने.

रेवा_पुणे

हे मान्य. हलती राजधानी असेल तर माझा आक्षेप निम्मा गळून पडतो.

उरलेला निम्मा संताजींबद्दल आहे. राजा परतल्याने संताजी आणि धनाजींचं भांडण मिटलं असतं, असं घाटवाट म्हणतात. पण संताजी आणि राजाराम महाराजांत वितुष्ट आलं तेच मुळी १६९३ मध्ये. वेढा उठल्यावर तह करून मोगलांना सुखरूप जाऊ दिलं, ते संताजींना पटलं नव्हतं. हाती आलेली फौज सोडून दिली, असं त्यांचं म्हणणं असणार. ते जिंजी सोडून निघून गेले. पुढे नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाला त्यांनी हरवलं आणि जानेवारी १६९६ मध्ये हिंमतखानाला मारलं, तेही दरबाराच्या आधाराशिवाय, स्वतःच्या बळावर. मग जिंजीच्या वाटेवर धनाजींशी लढाई, अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी देणं, आणि १६९७ मध्ये त्या निंबाळकरांचे मेहुणे नागोजी माने यांच्या हातून शेवट.

म्हणून प्रश्न परत येण्याचा नाहीच. प्रश्न जानेवारी १६९३ मधल्या त्या एका तहाचा आहे.

घाटवाट

रेवा, दोन दिवस यावर विचार करत होतो.

तुमचं बरोबर आहे. मी वळणाची जागा चुकीची धरली होती. महाराज कधी परतले, यापेक्षा मोगल फौज वांदिवाशच्या वाटेला लागली तेव्हा तिला जाऊ द्यायचं की नाही, यावर सगळं ठरतं. तिथे संताजींचं ऐकलं असतं तर झुल्फिकारखान आणि असदखान दोघंही हाती लागले असते, निदान त्यांचा तोफखाना तरी. मग तंजावरवरची स्वारी झाली नसती. अनुजाताईंच्या गावावरचं ओझं टळलं असतं. जिंजी सोडायची घाई उरली नसती आणि महाराज आपल्या सवडीने, फौज बरोबर घेऊन, उघड्या वाटेने परतले असते.

तह का केला असावा, हेही कळतं. वेढ्यात आतलेही उपाशी होते. २२ वर्षांच्या राजाला समोरची फौज निघून जाते आहे हेच पुष्कळ वाटलं असेल. बालेकिल्ल्याच्या त्या पुलावरून खालचं मैदान पूर्ण दिसतं, उत्तरेला वांदिवाशकडे जाणारा सपाट मुलूखही. त्या जानेवारीत तिथे कोणी उभं असेल तर त्याला रिकामी होत चाललेली छावणी दिसली असेल.

मोडीप्रेमी, १६९३ आणि १६९४ मधली जिंजीहून सुटलेली वतनपत्रं तुमच्या पाहण्यात असतील तर इथेच यादी द्याल का? तह झाल्यावर त्यांची संख्या कमी झाली की वाढली, एवढंच बघायचं आहे.

मोडीप्रेमी

काढतो. छापील साधनं घरी आहेत, पण तारखा जुळवायला वेळ लागेल. रविवारी देतो.